दांड्याखालची मुलं

४ डिसेंबर १९३८, रविवार

ओसरीच्या पायरीवर आम्ही दोघं बसलेलो. ह्यांच्या मांडीवर चामड्याचा फुटबॉल, हातात दाभण, आणि आतल्या रबरी फुग्याच्या मानेला बांधलेल्या सुतळीवर माझं बोट. "घट्ट धर, शकू. सोडलंस तर पुन्हा सगळी हवा भरावी लागेल." मी मुद्दाम सोडते. फुस्स होतं. हे रागावतात, मग हसतात, आणि पंप माझ्याच हातात देतात. त्या संध्याकाळी याहून जास्त काहीही झालं नाही. चहा झाला, दिवे लागले. किती वर्षं झाली, पण ते सुतळीवरचं बोट मला अजून जाणवतं.

आज चुन्नीलालजी येऊन गेले म्हणून हे सगळं आठवलं. चुन्नीलालजी माझे धाकटे दीर. त्यांची तांदळाची गिरणी आमच्या घरामागच्या मैदानाला लागून आहे. ते मैदान ह्यांनी मुलांच्या फुटबॉल क्लबाला खेळायला दिलं होतं, कागद मात्र कधी केला नाही. हे गेल्यावर जागा माझ्या नावावर आली आणि क्लबाचं अध्यक्षपणही माझ्याच गळ्यात पडलं, कारण दुसरं कुणी पुढे आलं नाही.

"भाभीजी, उकडलेलं धान वाळवायला माझं अंगण पुरत नाही," चुन्नीलालजी म्हणाले. "आणि तिथं तुमची पोरं धूळ उडवतात. पण माझं सोडा. अपने को क्या. मला फिकीर तुमची. तो चैतराम मास्तर…"

"काय चैतराम मास्तर?"

"काही नाही. मी कुणाची चुगली करत नाही."

असं म्हणून ते सुपारी कातरत बसले. शेवटी मी म्हटलं, जानेवारीत रेल्वेच्या मैदानावर लहान मुलांचे सामने आहेत, तेवढे होऊ द्या. क्लब नीट चालतो असं दिसलं तर मैदान मुलांच्या नावे कायमचं करून देईन. नाही दिसलं तर संक्रांतीनंतर तुम्ही धान वाळवा.

बोलून गेले खरी. ते गेल्यापासून मात्र मनात एकच घोळतंय, चैतराम मास्तरांचं काय?

१२ डिसेंबर

आज खुर्ची मागवून मैदानावर जाऊन बसले. चैतराम म्युनिसिपालिटीच्या शाळेत ड्रिल शिकवतात. मिशांना सुगंधी तेल, डोक्यावर सोला हॅट, गळ्यात लाल दोरीची शिट्टी. रायपूरला गोऱ्या सोजिरांना गोल मारले होते, असं ते सांगतात. हे होते तेव्हा ते गोल दोन होते. आज पाच झाले.

लहान मुलांच्या सामन्यांना वयाची अट नसते, उंचीची असते. जन्मतारीख कुणाच्या आईबापाला ठाऊक आहे? म्हणून दोन खांब रोवतात, त्यांच्या खुंट्यांवर चार फूट दहा इंचांवर एक हलका दांडा नुसता टेकवून ठेवतात, आणि प्रत्येक मुलाला ताठ उभं राहून त्याखालून जावं लागतं. डोकं लागून दांडा पडला की मुलगा बाद. चैतरामनी तसाच एक दांडा आमच्या मैदानावर कडुनिंबाखाली लावला आहे.

आमच्यातला सगळ्यात चांगला खेळाडू केवळराम. फुलचूरचा, घरी धानाची थोडी बांधी आहे. वय तेरा, पण हातपाय कसे लांबच लांब. चेंडू त्याच्या पायाला चिकटूनच असतो. आज तो दांड्याखालून गेला आणि दांडा खणकन पडला.

"मग हा खेळणार कसा?" मी विचारलं.

"पाहू ना बाई. अजून गंज दिवस आहेत."

"दिवस गेले की मुलगा वाढेल, मास्तर. कमी कसा होईल?"

ते मिशीतल्या मिशीत हसले. "ते तुमाले सांगन्यासारखी गोष्ट नाही."

मला सांगण्यासारखी नाही! पंचांच्या हातावर काही ठेवणार असतील का? कावेबाज हसू होतं ते. मला आवडलं नाही.

२० डिसेंबर

सगळ्या मुलांची डोकी तुळतुळीत! अकराच्या अकरा गोटे उन्हात चमकत होते. मला वाटलं गावात काही साथ आली.

रुख्मा आमच्याकडे स्वयंपाक करते, तिचा भाचा उदाराम आमचा गोली, म्हणजे गोल राखणारा आहे. तिला विचारलं तर ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. "मास्तरनं न्हाव्याले बोलावून भादरले जी सारे. माह्या भावजयनं तर छाती पिटली. म्हने, मी जित्ती असून पोट्ट्याचं मुंडन कायले?"

"पण कशासाठी?"

"मले काय मालूम. म्हने, दांड्याले केसंबी नडतेत."

हे काही मला पटलं नाही. केसांनी असं काय नडणार? थंडीच्या दिवसांत गावोगाव दंडारीचे, सोंगं घेऊन नाचगाण्याचे, खेळ होतात, त्यांना टोप लागतात, आणि टोपांना केस. मुलांचे केस मास्तरांनी कुठे नेले, हे कुणी पाहिलं आहे का? रुख्माला पाहायला सांगितलं आहे. ती "हव" म्हणाली, पण पुन्हा हसली.

२६ डिसेंबर

काल ख्रिसमस. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्ही हिंदू मुलीसुद्धा त्या दिवशी मेणबत्त्या घेऊन रांगेत चालायचो. सिस्टर अ‍ॅग्नेस पुढे, आम्ही मागे, मेणाचा थेंब हातावर पडला तरी हूं की चूं करायचं नाही. त्या आठवणीत पहाटे लवकर जाग आली. खिडकीचा पडदा सारला, तर धुक्यातून खरोखरच एक रांग चालली होती.

मुलं होती. आमची मुलं. प्रत्येकाच्या डोक्यावर पोतं. मागे सोला हॅट.

गिरणीच्या कुंपणाकडून आली आणि मैदानाला वळसा घालून पुन्हा तिकडेच गेली. एवढ्या थंडीत, उघड्या पायांनी, हमालासारखी!

दुपारी चुन्नीलालजी आले. मी विचारायच्या आत तेच म्हणाले, "पाहिलंत ना भाभीजी? मी काही बोललो नाही, तुमच्या तुम्ही पाहिलंत. गिरणीतून माझी पोती कमी होताहेत. परवा मी जवळ उभा होतो. एका पोत्याचा कोपरा फाटलेला, त्यातून धान गळत होतं. या डोळ्यांनी पाहिलं."

"तुम्ही तिथेच का नाही धरलंत?"

"भैयांचा क्लब. लोक काय म्हणतील? म्हणून गप्प बसलो."

केवढा हा समजूतदारपणा. मला त्यांचं कौतुकच वाटलं. आपल्या मालाची चोरी डोळ्यांदेखत होते आणि माणूस भावाच्या नावासाठी गप्प राहतो.

३१ डिसेंबर

रोज पहाटे खिडकीशी बसते आहे. रोज तीच रांग. पोती डोक्यावरच. पाठीवर नाही, खांद्यावर नाही, डोक्यावर. आम्हाला सिस्टर अ‍ॅग्नेस डोक्यावर पुस्तक ठेवून चालायला लावायच्या, मान ताठ राहावी म्हणून. पुस्तक आणि पोतं यांत काही फरक आहे की नाही?

आज केवळरामला घरी बोलावून गूळ-फुटाणे दिले आणि विचारलं, "पोत्यात काय असतं, बाळ?"

तो फुटाणे चघळायचा थांबला. "मास्तरनं सांगू नोको म्हटलं."

"आणि दमलास तर?"

"दमलो तरी उभाच राहतो. मास्तर दिवसा आडवं होऊ देत नाही. रातीबी म्हनते, भिताडाले टेकून बसूनच झोप."

तेरा वर्षांचा मुलगा, आणि भिंतीला टेकून झोपायचं! त्याचे डोळे खोल गेलेत. वर हसून म्हणतो कसा, "पन आता कमी घासते जी, बाई." काय कमी घासतं, कोण जाणे. टाचा असतील, पोतं वाहून घासलेल्या. मी त्याला टाचांना लावायला खोबरेल दिलं. त्याने ते घेतलं आणि माझ्याकडे वेड्यासारखं बघत राहिला.

३ जानेवारी १९३९

आज सांगून टाकलं.

सकाळीच मैदानावर गेले. चुन्नीलालजी बरोबर आले होते, मी एकटी नको म्हणून. मुलं पोती खाली ठेवून उभी होती. मी सरळ विचारलं, "मास्तर, ही पोती कुठली?"

"रिकामी पोती गिरणीमागं फेकून देतेत, तिथून उचलली."

"आणि आत काय आहे?"

चैतराम चुन्नीलालजींकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सामने झाल्यावर सांगतो. आता नोका विचारू, बाई."

"मुलांकडून हमाली करून घेता, त्यांना झोपू देत नाही, त्यांचे केस भादरता. हे सगळं मी का विचारू नये?"

"विचारा ना. पन इथं नोका विचारू. ह्यांच्यासमोर त नोकाच विचारू."

चुन्नीलालजी हळूच म्हणाले, "बघा. चोर के मन में…"

त्यावर चैतरामचा चेहरा असा लाल झाला, की मिशी वेगळी दिसायला लागली. "बाई, तुमी खोलून पाहा. पाहा खोलून! पन मंग मले इथं ठेवू नोका. ज्या मानसाचं पोतं खोलून पाहा लागते, त्याच्या हाती पोट्टे कायले द्यायचे?"

मी म्हटलं, "खोलण्याची गरज नाही. तुम्ही उद्यापासून येऊ नका."

खोलून पाहण्यात मला माझाच अपमान वाटला. चुन्नीलालजींनी डोळ्यांनी पाहिलं होतं, मग आणखी काय पाहायचं?

त्यांनी शिट्टी गळ्यातून काढली, उदारामच्या गळ्यात घातली आणि गेले. मुलं पुतळ्यासारखी उभी होती. एकही माझ्याकडे बघेना. वाटलं होतं, त्यांना सुटल्यासारखं वाटेल.

७ जानेवारी

उद्या सामने. मुलं आज माझ्याकडेच राहायला आली आहेत. मीच सांगितलं, घरोघर कोण कसं जेवतं, कसं झोपतं, कोण जाणे. आता मास्तर नाहीत, तर आई व्हायला कुणीतरी हवं.

रुख्माने तांदळाची खीर केली, प्रत्येकाला पेलाभर दूध दिलं. दिवाणखान्यातली टेबलं हलवून गाद्या घातल्या. दिवस मावळताच सगळ्यांना निजवलं. केवळराम गादीवर बसूनच होता, भिंतीला टेकून.

"आडवा हो, बाळ."

"नोको जी. उद्या दांडा आहे."

"दांड्याशी झोपेचा काय संबंध? दमलेला मुलगा धावेल कसा?"

तो रडकुंडीला आला. उदारामने मधेच तोंड घातलं, "बाई, मास्तर म्हनत होते—" मी दोघांनाही गप्प केलं. मास्तरांचं नाव या घरात नको. खांद्यांना धरून केवळरामला निजवलं, दुलई घातली आणि डोक्यावरून हात फिरवत राहिले. इतक्या दिवसांची झोप साचलेली, क्षणात लागला घोरायला.

किती सुंदर दिसतात मुलं झोपलेली. हे असायला हवे होते.

८ जानेवारी, रविवार

ऊन चांगलं वर येईपर्यंत मी कुणाला उठवलं नाही. पाय शिणू नयेत म्हणून छकड्यात पेंढा घालून त्यावर लोळतच त्यांना रेल्वेच्या मैदानावर नेलं. आम्ही सगळ्यांत शेवटी पोचलो. बाकीचे संघ उभे होते. मला तेव्हा फक्त एवढंच खटकलं, की एकही मुलगा बसलेला नाही. तिरोड्याची मुलं तर एका जागी उड्या मारत होती, आणि त्यांच्याही डोक्यांवर एक केस नव्हता.

दांडा लागला. उदाराम गेला. दुसरे गेले. मग एकाच्या डोक्याला लागून दांडा पडला. पाठोपाठ दुसऱ्याच्या. ही दोन मुलं तर आमच्या मैदानावर सहज जात होती!

केवळराम आला. दांड्यापुढे उभा राहिला आणि एकदा मागे वळून बघितलं. माझ्याकडे नाही, तारेच्या कुंपणाकडे. तिथे बाहेर सोला हॅट होती. मग पोरगा पुढे झाला. दांडा पडला. परत लावला. परत पडला.

रेल्वेचे पंच वयस्कर होते. मी त्यांना म्हटलं, पुन्हा एकदा बघा, काहीतरी चूक आहे. ते चांगल्या शब्दांत म्हणाले, "बाईसाहेब, मुलांना रात्री निजवलं होतं का?"

"अर्थात."

"तिथंच चुकलं. रात्रभर पाठ टेकून झोपलेलं पोर सकाळी अर्धं बोट वाढलेलं असतं. दिवसभर उभं राहिलं, डोक्यावर वजन घेतलं, की तेवढंच खाली बसतं. त्यात तुम्ही आणलंत गाडीत लोळवत. सगळे क्लब आदल्या दिवसापासून पोरांना उभं ठेवतात. तिरोड्याची पोरं पहाटेपासून डोक्यावर विटा घेऊन चालत आलीत. कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

कुणी सांगितलं नाही. नाही, केवळराम सांगत होता. उदाराम सांगत होता.

अकरा मुलं आणली होती, आठ उरली. आठच खेळली. समोर तिरोडा. त्यांच्या एका मुलाच्या हनुवटीवर वस्तऱ्याने कापल्याची खूण होती, पण बुटका, दांड्याखालून हसत गेलेला. आणि आमचा तेरा वर्षांचा मुलगा दोरीबाहेर, गुडघ्यांत डोकं घालून.

कुंपणाबाहेरून सबंध वेळ एक आवाज येत होता. "उदाराम, पुढं ये! गोल सोडून पुढं ये रे लेका, कोन वाचवते तुले तिथं!" चैतरामांचा घसा बसला. मुलं त्या आवाजाकडे बघून खेळत होती. हरली. किती गोलांनी ते लिहीत नाही.

घरी येताना छकडा रिकामा होता. मुलं पायी गेली.

१० जानेवारी

काल लिहिवलं नाही.

आज रुख्माला घेऊन मैदानावर गेले. पोती कडुनिंबाखाली तशीच पडली होती. तिला एकाची शिवण उसवायला सांगितली.

"वाळू हाय जी," ती म्हणाली. "वैनगंगेची वाळू. चाळून घेतल्यावानी. खडा नाही एक, पोट्ट्याच्या डोस्क्याले टोचू नये म्हून."

दुसरं उसवलं. वाळू. सगळी उसवली. सगळी वाळू. एक पोतं कोपऱ्यात खरंच फाटलेलं होतं.

तिथूनच शाळेमागे चैतरामांच्या घरी गेले. ते अंगणात दाढी करत होते, अर्ध्या गालाला साबण. त्यांनी मला बसा म्हटलं नाही, पण त्यांच्या बायकोने पाट आणून ठेवला.

"मला आधी का सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"काऊन सांगू? तुमी कॉन्व्हेंटच्या. तुमी म्हटलं असतं, ही त फसवणूक होय."

खरंच म्हटलं असतं. "मग नाही का ती?"

"आहे ना थोडी." वस्तरा पाण्यात बुडवून त्यांनी झटकला. "पन बाई, तिरोड्याच्या त्या पोट्ट्याचं पुढच्या साली लगन आहे. तो दांड्याखालून जाते, अन् माहा केवळ्या, दूधपित्या तोंडाचा, बाहीर राहते. त्याले अर्धा बोट खाली दाबला, त कोनाचं काय लुटलं मी?"

पण केवळरामचे खोल गेलेले डोळे आठवतात, तेव्हा वाटतं मास्तरही फार पुढे गेले होते. ते मी बोललेही.

"ते खरं आहे," ते म्हणाले. मग दुसऱ्या गालाकडे वळून, "दूध पाजलं म्हने तुमी?"

"हो."

"अन् खीर?"

"खीरसुद्धा."

"आयुष्यात पहिल्यांदा खाल्ली असन लेकाइनं. ते काही वाया गेलं नाही जी." ते हसले नाहीत, पण त्यांची बायको दाराआड हसली.

"परत याल का?"

"साऱ्या पोट्ट्यांसमोर काढलं तुमी मले," ते म्हणाले आणि आरशात बघून उरलेल्या गालावर वस्तरा फिरवायला लागले.

१३ जानेवारी

उद्या संक्रांत. सकाळीच चुन्नीलालजी तिळगुळाची पुडी घेऊन आले. क्लब हरला याचं त्यांना फार वाईट वाटलं. धान वाळवायला आणलेल्या चटया बाहेर गाडीत होत्या.

मी म्हटलं, "पोत्यांत वाळू होती, भाऊजी."

"असं? मला तर धानच दिसलं." त्यांनी डोळे बारीक करून खिडकीकडे बघितलं. "उमर हो गई, भाभीजी. आजकाल दूरचं नीट दिसत नाही."

ते जवळ उभे होते, असं म्हणाले होते. पण आमच्या घरात डोळे लवकर जातात, हे मला ठाऊक आहे. ह्यांचेही तसेच गेले. बिचारे. मी त्यांना म्हटलं, चटया राहू द्या, उद्या दुपारी मैदानावर सगळ्यांबरोबर तिळगुळाला या.

उद्या काय कुणाला द्यायचं ते इथे लिहून ठेवते, म्हणजे ऐन वेळी माझी धांदल होणार नाही. रुख्माला आज दोनदा वाचून दाखवायचं.

केवळराम आणि त्याच्याबरोबर बाद झालेली दोन मुलं, यांना क्लबाची नवी जर्सी. खेळलेल्या आठांच्या आधी, नंतर नाही.

आठ जणांना जर्सी आणि प्रत्येकी पेलाभर दूध. खीर सगळ्यांना, रुख्माच्या घरच्यांनासुद्धा.

पंप आणि दाभण उदारामला. तो हट्टी आहे, पण वस्तू सांभाळतो.

कपाटातला नवा चेंडू वर्षभर मैदानावरच राहील. कुणी घरी न्यायचा नाही, मीसुद्धा नाही.

मैदानाचा कागद वकिलांनी आज संध्याकाळपर्यंत करून द्यायचं कबूल केलं आहे. क्लबाच्या नावे, आणि सांभाळायला चैतराम मास्तर. कागद त्यांच्या हातात मी स्वतः देणार, मुलं, त्यांचे आईबाप आणि गिरणीची माणसं सगळी उभी असताना. ते माझ्याशी नीट बोलोत न बोलोत. पोरांना रात्री निजू द्यायचं, बाकी ते म्हणतील तसं, एवढी एकच अट तोंडी सांगायची. त्यांनी नाही म्हटलं तर वाद घालायचा नाही, पुन्हा विचारायचं.

चुन्नीलालजींना ह्यांचा सोनेरी काड्यांचा चष्मा. पुसून, डबीत घालून, सगळ्यांसमोर. त्यांना त्याची फार गरज आहे.